बाराव्या भोकापर्यंत

४ फेब्रुवारी

प्रिय ठोक्या,

हातोडी खाली ठेव आणि नीट बस. मला ढोल मिळाला.

लहान नव्हे, मोठा. छातीवर पट्ट्यांनी बांधायचा, ज्याच्यामागे माणूस दिसतच नाही, खाली नुसते दोन पाय चालताना दिसतात. गल्लीच्या टोकाच्या जुन्या शेडमध्ये निवृत्त लोकांचा बँड सराव करतो असं मी तुला मागे लिहिलं होतं. त्यांचे ढोलवाले गृहस्थ लेकीकडे कायमचे राहायला गेले आणि जागा रिकामी झाली. बँडमास्तर, म्हणजे पूर्वीचे शाळा-तपासनीस, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघून म्हणाले, "बाई, वजन पेलेल का तुम्हाला?" मी म्हटलं, "मास्तर, एकतीस वर्षं टपालाच्या थैल्या उचलल्या आहेत. द्या इकडे." एकदाच वाजवला. पत्र्यावरची सगळी कबुतरं उडाली आणि माझी निवड झाली. लहानपणी आईचे डबे बडवायचे म्हणून तुम्ही मला ढमा म्हणायला लागलात, त्याचं सदुसष्टाव्या वर्षी चीज झालं.

आता कामाचं. नऊ नोव्हेंबरला बँडची स्पर्धा आहे, चांगली दीड मैलाची चाल. पोशाखात गुडघ्यापर्यंतचे काळे, नाडीचे बूट आहेत. बाकीचे दुकानातून घेणार. मी मात्र तोऱ्यात सांगून टाकलं की माझे बूट माझा भाऊ करेल आणि तुम्ही सगळे जळाल. तेव्हा माझी लाज राख.

हे फोनवर सांगितलं असतं, पण चाळीस वर्षं खिळे ठोकून तू कानांचं जे केलं आहेस त्यापुढे माझा घसा टिकत नाही. शिवाय पाय फोनवरून पाठवता येत नाही. सोबत दोन्ही पायांचा कागद गिरवून पाठवते आहे. उजवी पोटरी चौदा इंच, डावी साडेचौदा. डाव्या पोटरीवर एक गाठ आली आहे, लालसर जांभळी, अर्ध्या लिंबाएवढी. दुखत नाही, खाजत नाही. ढोलाच्या तिवईचा पाय लागला असणार. बूट करताना तिच्यापुरती जागा ठेव म्हणजे झालं.

तुझी,
ढमाताई


११ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र तुझ्या वहिनीने मोठ्याने वाचलं आणि ढोल ऐकून आम्ही दोघांनी आधी तुझ्या शेजाऱ्यांची कीव केली.

बूट करतो. नुसते करत नाही, असे करतो की परीक्षक तुझ्या ढोलाकडे न बघता खालीच बघत राहतील. कातडं मी तीन वर्षं जपून ठेवलं आहे, चांगल्या गिऱ्हाइकासाठी. तू चांगलं गिऱ्हाईक नाहीस, पण बहीण आहेस.

मापाचं मात्र सांगतो. आठ वर्षांपूर्वी तुझे थंडीचे बूट केले तेव्हा मी स्वतः माप घेतलं होतं. दोन्ही पोटऱ्या चौदा. लोक स्वतःचं माप घेतात तेव्हा नेहमी घोळ घालतात. खुर्चीवर बसून घेतलं असशील, किंवा मोज्यावरून, किंवा फीत ढिली धरली असशील. एका पायात अर्धा इंच फरक मी अजून पाहिला नाही. गाठीला गरम पाण्याने शेक. मार लागलेला पंधरा दिवसांत उतरतो.

तू ढोल सांभाळ, माप मी बघून घेतो.

तुझा,
ठोक्या


२९ मार्च

प्रिय ठोक्या,

खोकं पोचलं. उघडलं आणि पाच मिनिटं नुसता वास घेत बसले.

असे बूट मी जन्मात घातले नाहीत. उजवा पायात सरकला तो लोण्यात सुरी जावी तसा. बारा भोकं, बाराच्या बारा बांधली, गुडघ्याखाली अशी गाठ मारली की उठून घरभर चालत सुटले, एका पायात बूट आणि एका पायात सपात. मग डावा घातला. तीन भोकं, चार, पाच, सहा, सात. आणि सातव्याला गाडी थांबली. आठव्याला नाडी पोचेचना. श्वास धरून पाहिला, जसा काही मी पोटरीने श्वास घेते. शेजारच्या ट्रम्पेटवालीला बोलावलं. तिने एक टोक ओढलं, मी दुसरं ओढलं, आणि दोघी पलंगावर उताण्या पडून हसलो, कारण नाडी तुटेल पण बूट हलणार नाही असा तो अडला होता.

गाठ उतरली नाही, उलट वाढली. तिच्या शेजारी आणखी दोन आल्या आहेत. अर्ध्या लिंबाचं आता अख्खं लिंबू झालं आहे म्हण.

थोडक्यात, कारागीर महाशय, तुमचा डावा बूट चुकला. एकदाच आणि मोठ्या अक्षरांत कबूल करा, म्हणजे मी ते पत्र चौकटीत लावीन.

तुझी,
ढमाताई


४ एप्रिल

ताई,

एकेचाळीस वर्षांत माझ्या हातचा बूट परत आलेला नाही. एकदा एक वकील घेऊन आला होता, पण तो चुकून भावाचे बूट घेऊन आला होता असं निघालं.

माझा बूट चुकत नाही. पाय चुकला असेल.

ही थट्टा समजू नकोस, मी खरंच चिडलो आहे. दोन महिन्यांत लिंबाची तीन लिंबं होतात आणि तू मला जागा ठेवायला सांगतेस. मी पादत्राणं दुरुस्त करतो, पाय नाही. पाय दुरुस्त करणाऱ्या कुणाकडे तरी जा आणि तुझा पाय बरोबर आहे असं त्यांच्याकडून लेखी घेऊन ये. तसं आणलंस तर मी दुकानाच्या दारावर पाटी लावीन की या कारागिराची चूक झाली. नाही आणलंस तर यापुढे माझ्या बुटाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही.

वहिनी म्हणते, फार कडक लिहू नकोस. मी म्हटलं, तिला कडकच समजतं.

तुझा,
ठोक्या


२१ एप्रिल

प्रिय ठोक्या,

पाटी लावू नकोस. तू जिंकलास. पायच चुकला आहे.

तुला धडा शिकवायचा म्हणून तुझा बूट पिशवीत घालून त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. वयाने आपल्या नातीएवढी. मी बूट टेबलावर ठेवला आणि म्हटलं, "बाई, मला एवढं लिहून द्या की हा बूट लहान आहे." ती हसली. मग मी मोजा खाली केला आणि ती हसायची थांबली. किती दिवसांत वाढलं, असं तीनदा विचारलं. तिथल्या तिथे सुई टोचून पोटरी बधिर केली आणि पेन्सिलीच्या टोकाएवढा तुकडा काढून घेतला. टाके दोनच, पण काय टाके. तुझी आरी लाजेल.

दहा दिवसांनी पुन्हा बोलावलं, आणि एकटीने येऊ नका म्हणून सांगितलं. ट्रम्पेटवालीला नेलं. तर, याचं नाव लिम्फोमा. रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर असतो, तो मानेतल्या-काखेतल्या ग्रंथी सोडून कातडीतच येऊन बसला आहे. फार थोड्यांना होतो. भराभर वाढतो, आणि बहुतेक माझ्यासारख्या म्हाताऱ्यांच्या पायांवरच उगवतो. इतका, की डॉक्टरांनी या जातीचं नावच पायावरून ठेवलं आहे. मी विचारलं, "म्हणजे हा पायांचा खास आहे?" त्या म्हणाल्या, "हो." म्हटलं, "माझा भाऊपण."

घाबरू नकोस म्हणून लगेच पुढचं. सगळ्या शरीराचा स्कॅन झाला, दुसरीकडे कुठे नाही, फक्त कातडीत आहे. तीन मेपासून औषधं सुरू. दर तीन आठवड्यांनी एक खेप, अशा सहा. पाच औषधं एकदम, त्यातलं एक सरबतासारखं लाल. कॅन्सरचे डॉक्टर गंभीर गृहस्थ आहेत. मी त्यांना एकच विचारलं: नऊ नोव्हेंबरला दीड मैल चालायचं आहे, मोठा ढोल घेऊन, जमेल का? ते म्हणाले, आधी बरं होऊ या. त्यांनी नाही म्हटलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे.

आता तू रडू नकोस. दुकानात गिऱ्हाईक असेल.

तुझी,
ढमाताई


२६ एप्रिल

ताई,

गिऱ्हाईक होतं. त्याला बाहेर बसवलं.

पाय चुकला असेल असं मी लिहिलं होतं, ते तोंडातून गेलेलं परत घेता आलं तर घेतो. आई गेल्यावर मला शाळेत सोडायला तू यायचीस, आणि मी रस्ताभर तुझ्या पावलांवर पावलं टाकत चालायचो. त्या पायांना असं काही होईल हे माझ्या डोक्यात बसत नाही.

दुकान बंद करून येतो. वहिनीसुद्धा येईल. डावा बूट परत पाठव, मी उसवून मोठा करतो. गाठ राहिली तर तिच्यासकट चाल, गेली तर बाजूला पट्टी घालून आवळू.

ठोक्या


२७ मे

लाडक्या, गुणी, बहिऱ्या ठोक्या,

यायचं नाही आणि बूट पाठवणार नाही. उसवायला तर मुळीच नाही. का, ते वाच.

दुसरी खेप होऊन आज चौथा दिवस. मी तीन दिवसांत घरातले सगळे डबे घासले, पुस्तकं उंचीप्रमाणे लावली, मग रंगाप्रमाणे लावली, ट्रम्पेटवालीच्या खिडक्या पुसल्या, आणि बँडमास्तरांना अठरा पानांचं पत्र लिहिलं की दुसऱ्या गतीत ढोल कसा उशिरा येतो. त्यांनी उत्तर पाठवलं: "बाई, मान्य. पण आराम करा." हा उत्साह काही माझा नाही. पाचांतलं एक औषध गोळ्यांचं आहे, दर खेपेला पाच दिवस घ्यायचं, आणि ते घेतलं की अंगात वारं शिरतं. नर्सने आधीच सांगितलं होतं, काहीजण चिडतात, काहीजण नाचतात. मी नाचणाऱ्यांतली निघाले. सहाव्या दिवशी फुग्यातली हवा जाते आणि मी सोफ्यावर मिटून पडते, म्हणून जे काय लिहायचं ते या पाच दिवसांत.

केस गेले. एका सकाळी उशीवरच राहिले, मी उठले तरी ते उठले नाहीत. लाल औषधाने लघवी लाल होते. पहिल्यांदा मी घाबरून ओरडले आणि नर्स शांतपणे म्हणाली, "सांगितलं होतं ना?" बोटांची टोकं झिणझिणतात, त्यामुळे बटणं लागत नाहीत. पण ढोलाची काठी धरता येते. काठी जाड आहे, देवाने ढोलवाल्यांचा विचार केला आहे.

आणि आता बूट. रोज सकाळी मी तुझा डावा बूट घालते आणि नाडी बांधत वर जाते. पहिल्या खेपेनंतर दहाव्या दिवशी आठवं भोक लागलं. मला वाटलं, मोजायला चुकले, पुन्हा मोजलं. आज नववं. लिंबांची पुन्हा अर्धी झाली आहेत, आणि रंग उतरतो आहे. कॅन्सरच्या डॉक्टरांकडे फीत, मशीन, सगळं आहे, पण मी आत गेले की आता तेच विचारतात, "कितवं?" तेव्हा तो बूट उसवायचा नाही. त्याच्याइतकं सरळ उत्तर मला इथे कुणी देत नाही.

तुझी,
टकली ढमा


३ जून

टकल्या ताईस,

वहिनीला तुझं पत्र वाचताना ठसका लागला, दोनदा थांबावं लागलं.

दुकानात मी एक पाटी टांगली आहे. वर लिहिलं आहे "डावा", आणि खाली खडूने आकडा. गिऱ्हाइकं विचारतात, हे काय? मी सांगतो, ताईचं भोक. हे वाक्य बरं दिसत नाही असं वहिनीचं म्हणणं, पण आता सगळ्या गल्लीला अर्थ कळला आहे. समोरचा घड्याळवाला रोज काच पुसताना विचारतो, "नऊच का?" मी नऊचा आकडा दाखवला की तो मान हलवून आत जातो. मला या माणसाशी वीस वर्षांत कधी बोलायला मिळालं नव्हतं.

सोबत टोपी आहे. मऊ मेंढीचं कातडं, आतून सुती. तुझ्या डोक्याचं माप नव्हतं म्हणून माझं घेतलं. आपली दोघांची डोकी एकाच साच्यातली, बाबा तसंच म्हणायचे, आणि ते काही कौतुकाने म्हणायचे नाहीत.

येऊ नकोस म्हणतेस म्हणून येत नाही. पण थांबणं मला जमत नाही, हे लिहून ठेवतो.

तुझा,
ठोक्या


१८ जून

प्रिय ठोक्या,

दहा.

टोपी बसली, आणि इतकी बसली की बँडमास्तरांनी सगळ्यांसाठी तशीच करता येईल का असं विचारलं. मी म्हटलं, आधी केस काढून या. तिसरी खेप झाली. आज गोळ्यांचा शेवटचा दिवस, उद्या हवा जाणार. शेडमध्ये खुर्चीवर बसून अर्धा तास वाजवला. दुसऱ्या गतीत ढोल आता वेळेवर येतो.

खडू तयार ठेव.

तुझी,
ढमाताई


८ ऑगस्ट

ताई,

तीस जुलैला अकरा लिहून आलं, तेवढंच कार्ड. त्यानंतर पत्र नाही. पाचवी खेप सव्वीसला होती, म्हणजे आता सोफ्यावरचे दिवस संपायला हवेत. घड्याळवाला रोज विचारतो. मी अकरावरच बोट ठेवतो.

पत्र टाक.

ठोक्या


१९ ऑगस्ट

ताई,

दोन ओळी टाक. ट्रम्पेटवालीला टाकायला सांग. कुणालाही सांग.

वहिनीने तुझ्या घरी फोन केला, कुणी उचलला नाही. मी सामान भरून ठेवलं आहे. शनिवारपर्यंत काही आलं नाही तर निघतो, मग तू कितीही ओरड.

आज एका गिऱ्हाइकाला दोन्ही डावेच बूट दिले. तो घालून दारापर्यंत गेला, मग परत आला.

ठोक्या


२७ ऑगस्ट

प्रिय ठोक्या,

शनिवारी तू निघाला नाहीस ते ट्रम्पेटवालीने तार केल्यासारखा निरोप दिला म्हणून, हे मला ठाऊक आहे. "ठीक आहे, पत्र येतं आहे, बसा" एवढंच ती म्हणाली म्हणे. तिला फोनवर ओरडावं लागलं आणि तिचा सूर दोन दिवस बिघडला होता.

झालं असं. औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशींतल्या वाईट होत्या त्या गेल्या, पण चांगल्याही गेल्या. पाच ऑगस्टला सकाळी अंगात ताप भरला, आणि ताप आला की लगेच या अशी ताकीद होती. नऊ दिवस एका खोलीत ठेवलं. येणाऱ्याने आधी हात धुवायचे, तोंड झाकायचं. फुलं आणायची नाहीत, फळं आणायची नाहीत. ट्रम्पेटवालीने बूट आणला तर नर्सने तोही बाहेरच ठेवायला लावला. चामड्यावर काय काय असतं, म्हणाली. तुझा बूट नऊ दिवस काचेपलीकडे स्टुलावर उभा होता आणि मी इकडून बघत होते.

तुला कळवलं नाही, घरी आल्यावर फोनही उचलला नाही, कारण तेव्हा माझ्याकडे विनोद नव्हता. मला भीती वाटली, ठोक्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले आणि त्यांनी भोक विचारलं नाही, तेव्हा फार वाटली. वाटलं की आता हा बूट कुणाला होणार, त्याचा उपयोग काय.

पण ताप उतरला. तीन दिवसांपूर्वी सहावी आणि शेवटची खेप झाली, आज चौथा दिवस, पुन्हा वारं शिरलं आहे, म्हणून हे लिहायला जमतंय. अकराच आहे. बाराव्याला नाडी पोचते पण ओढली जात नाही. गाठी दिसत नाहीत, हाताला थोडं जाड लागतं. आत काय आहे ते स्कॅनमध्ये कळेल, सव्वीस सप्टेंबरला. डॉक्टर म्हणतात, तिथे उरलेला मेलेला भाग असू शकतो आणि जिवंतही असू शकतो. हा प्रकार हट्टी आहे, हेही त्यांनी लपवलं नाही.

गिऱ्हाइकांना डावा-उजवा देत जा.

तुझी,
ढमाताई


५ सप्टेंबर

ताई,

स्कॅनच्या आधीच हे सांगून टाकतो, कारण नंतर सांगितलं तर ते सोयीचं होईल.

तू फेब्रुवारीत डावी पोटरी साडेचौदा लिहून पाठवलीस. मी त्या मापाने बूट केला नाही. मला वाटलं, तुला माप घेता येत नाही. मी कपाटातून आठ वर्षांपूर्वीचा कागद काढला आणि दोन्ही बूट चौदाने कापले. तुझा कागद घडी करून ठेवून दिला. मग तू लिहिलंस की बसत नाही, तर वरून तुझ्यावरच चढलो, एकेचाळीस वर्षांचा तोरा दाखवला. बूट चुकलाच होता, आणि ते मला माहीत होतं.

आता रोज एकच मनात येतं. अर्धा इंच तू फेब्रुवारीत लिहिला होतास. मी शेक म्हणून सांगितलं. मी तो कागद खरा मानला असता, गाठ कसली आहे एवढं विचारलं असतं, तर तू फेब्रुवारीतच गेली असतीस. दोन महिने माझ्या हट्टापायी गेले. भराभर वाढणाऱ्या गोष्टीला मी दोन महिने दिले.

तू त्या बुटाला सरळ उत्तर देणारा म्हणतेस तेव्हा मला तोंड लपवावंसं वाटतं.

ठोक्या


१० सप्टेंबर

ठोक्या,

पत्र मिळालं. उत्तर स्कॅननंतर देते, कारण त्यासाठी मला सगळी बातमी हाताशी लागेल. रागावले नाही, एवढं आत्ताच घे. तोवर खिळे ठोकताना बोटाकडे लक्ष ठेव.

ढमाताई


२९ सप्टेंबर

प्रिय ठोक्या,

आधी बातमी. स्कॅन स्वच्छ आला. पोटरीत जे जाड लागतं ते मेलेलं आहे. गंभीर डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला, मग चष्मा काढला आणि विचारलं, "कितवं?" मी बूट पिशवीतून काढला, त्यांच्या खोलीतच घातला. माझी बोटं अजून झिणझिणतात, तेव्हा शेवटची गाठ त्यांनी मारली. कॅन्सरच्या डॉक्टरांना बुटाची नाडी बांधता येते पण चांगली येत नाही, सैल झाली होती. घरी येऊन मी स्वतः आवळली. बारा. घड्याळवाल्याला सांग, आणि पाटी पुसण्याआधी वहिनीला दाखव.

आता तुझ्या पत्राचं.

तू एक सवय विसरलास. प्रत्येक बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला तू पेन्सिलीने मापाची तारीख लिहितोस. बूट केल्याची नाही, माप घेतल्याची. बाबांनीच तुला ती सवय लावली. एकोणतीस मार्चला खोकं उघडल्यावर वास घेऊन झाला आणि मी जीभ उलटून पाहिली. आठ वर्षांपूर्वीची तारीख. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"कबूल करा" असं लिहिलं ते म्हणूनच. तू कबूल करशील आणि मी वर्षभर छळीन, असा बेत होता. तू उलटा चिडलास तेव्हा तुझं पत्र मांडीवर ठेवून मी खूप हसले. मग तो बूट दुसऱ्या हातात होता, त्याच्याकडे पाहत राहिले. उजवा आठ वर्षांपूर्वीच्या मापाने केलेला, आणि अगदी बसला होता. म्हणजे मी बदललेच नव्हते. बदलला होता तो फक्त डावा, आणि तो थोड्याच महिन्यांत पाच भोकं बदलला होता. गाठीकडे मी रोज बघत होते आणि रोज ती कालच्याएवढीच वाटत होती. बूट पाहिला तेव्हा पहिल्यांदा त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ता शोधला. बूट लहान आहे असं लिहून घ्यायला जाते, हे मी तुला आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं. स्वतःला नाही.

तर ऐक. माझ्या मापाचा बूट तू पाठवला असतास, तर मी तो गाठीसकट घातला असता. तिच्यापुरती जागा तू ठेवली असतीस, कातडं हळूहळू सैल झालं असतं, आणि मी खुशीत ढोल बडवत नोव्हेंबरपर्यंत चालले असते. कदाचित नोव्हेंबरपर्यंत नसतेही. तू न बसणारा बूट पाठवलास म्हणून हे पत्र लिहायला मी आहे. दोन महिने तू घालवले नाहीस. ते मी घालवले, आणि पुढचे तू वाचवलेस. हे मी एकदाच आणि मोठ्या अक्षरांत लिहिते आहे, हवं तर चौकटीत लाव.

आजार परत येऊ शकतो. डॉक्टर दर तीन महिन्यांनी बघणार, मी रोज सकाळी बघणार. ज्या दिवशी नाडी अकरावर थांबेल त्याच दिवशी तुला लिहीन, आणि त्या वेळी तू मापावर विश्वास ठेवायचास. आजचं माप सोबत आहे. खुर्चीवर नव्हे, उभं राहून घेतलं, मोजे काढून, ट्रम्पेटवालीने फीत धरली. उजवी चौदा, डावी चौदा. जिभेवरची जुनी तारीख मी खोडरबराने पुसली आहे. नवी तुझ्या हाताने लिहायची, म्हणजे तुला यावंच लागेल.

नऊ नोव्हेंबरला दोघं या. चाल मोठ्या पुलावरून सुरू होते. तू मागे उभा राहिलास तरी चालेल. मी असा वाजवणार आहे की तुलाही ऐकू येईल.

तुझी,
ढमाताई